त्या फोटोतलं बोट

फराळाचं खोकं पोहोचलं त्या दिवशी तुम्ही दोघं फोनवर बराच वेळ हसत होतात. चकल्या मोडल्या नव्हत्या, चिवडा सांडला नव्हता. हसू आलं ते खोक्यावर चिकटवलेल्या पाकिटाचं, कारण त्या पाकिटात त्याच खोक्याचे सात फोटो होते. खोकं समोर असताना खोक्याचे फोटो कशाला, असं इराने विचारलं. आणि नील, तू विचारलंस, "आजी, सातव्या फोटोतलं ते बोट कोणाचं?"

फोनवर सांगायला गेले असते तर तुमची शाळेची वेळ झाली असती. म्हणून आता नीट, पहिल्यापासून लिहिते.

फोटो काढले आपल्या समोरच्या दारच्या दामोदर घरतांनी. तुम्हाला ते आठवत असतील. मागच्या सुट्टीत तुम्ही परत निघालात तेव्हा खाली टॅक्सी उभी होती, बाबा घड्याळ बघत होता, आणि घरतांनी तुमच्या चार बॅगा जिन्याजवळ ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीचे फोटो पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, मग कुलपाचा. बाबा म्हणाला, "काका, विमान चुकेल." घरत वाकलेले होते तसेच म्हणाले, "माल दारातनं निघाला तवा कसा होता, याचा पुरावा पायजे. मंग पुढं कोनी काय बी म्हनू दे."

घरत मूळचे जासईचे. तिथल्या कंटेनरच्या यार्डात त्यांनी सर्व्हेअर म्हणून पंचवीस-तीस वर्षं काढली. बंदरातून कंटेनर आला की त्याच्या चारी बाजूंचे, छताचे, तळाचे आणि सीलचे फोटो काढायचे; पत्र्याला कुठे पोचा असेल तर तोही टिपायचा. पोचा बारीक असला तर कोणीतरी तिथे बोट ठेवायचं, म्हणजे कागद बघणाऱ्या साहेबाला कळतं. फक्त बोट. माणसाचा चेहरा फोटोत आला तर साहेब फोटो परत पाठवायचे. घरत निवृत्त झाले त्या सुमारास ऑफिसने सगळ्यांना मोबाइल दिले आणि जुना कॅमेरा त्यांनाच देऊन टाकला. त्यामुळे नोकरी संपली, पण काम संपलं नाही.

तो कॅमेरा मुठीत मावणारा, चंदेरी रंगाचा आहे. कडा घासून आतलं पिवळं दिसतं. चालू केला की नळी बाहेर येते. कधी अर्ध्यात अडकते. मग घरत तो तळहातावर दोनदा हलकेच आपटतात आणि म्हणतात, "ये, ये बाहेर, कोनी मारत नाय." चार्जरच्या वायरला तीन रंगांच्या चिकटपट्ट्या आहेत. चार्जिंगला बॅटरी काढली की कॅमेरा तारीख विसरतो, म्हणून रोज सकाळी अंघोळ झाल्यावर ते आधी देवाला फूल वाहतात आणि मग कॅमेऱ्यात तारीख घालतात. फोटोच्या कोपऱ्यात ती नारिंगी तारीख उमटली नाही तर तो फोटो त्यांच्या लेखी झालाच नाही.

"आता मोबाइल घ्या की," मी एकदा म्हटलं.

"मोबाइलवर फोटो काढताना मधेच कोनाचा तरी फोन येतो. याला कोनाचा फोन येत नाय." मग म्हणाले, "मोबाइललाबी येत नाय म्हना. पन भरवसा नाय."

माझा इडलीपात्राचा संच त्यांनी एकदा नेला. नेताना सहा फोटो, परत आणताना सहा. सोसायटीचा पाण्याचा पंप दुरुस्तीला गेला तेव्हा पंपवाल्याला त्यांनी पंपासकट अर्धा तास थांबवून ठेवलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बारशाला फोटोग्राफर आलाच नाही, म्हणून कोणीतरी घरतांना बोलावलं. त्यांनी मनापासून चाळीस फोटो काढले. पाळणा चारी बाजूंनी, घुगऱ्यांचं पातेलं झाकणासह आणि झाकणाविना, आलेल्या प्रत्येक आहेराचं पुडकं. आत्या, मामा, आजी, कोणाचाही चेहरा नाही. बाळाची आई रडकुंडीला आली.

"बाळ आलंय की!" घरत म्हणाले. "माल आलाच पायजे."

बाळाचा एक फोटो खालून घेतलेला होता. खालून कशाला, असं मी विचारलं.

"तळ बघावाच लागतो, बाई. माल तळातनंच गंजतो."

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून ते मला बाई म्हणतात. त्यांच्या घरात 'बाय' म्हणजे वेगळी व्यक्ती. बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा घरत चार वर्षांचे होते आणि बाय सोळाची. भावाला कोण बघणार म्हणून तिने लग्न केलं नाही, आणि मग भावाचंही राहून गेलं. बाय फार बोलत नसे. गॅलरीत दोरीवर बोंबील वाळत घालत असे. आपल्या घरात मासे नाहीत, त्यामुळे तो वास हा माझा आणि तिचा जुना विषय होता. ती रोज दोरी जरा पलीकडे सरकवत असे आणि वारा रोज वास अलीकडे आणत असे.

एकदा सकाळी बेल वाजली. घरत कॅमेरा घेऊन उभे. पडद्यावर अर्धा खाल्लेला बोंबील.

"तुमच्या मांजरीनं केलेला डॅमेज. बोंबील नग एक, अर्धा शिल्लक. तारीख बगून घ्या."

मांजर माझी नव्हे, जिन्यातली. मी फक्त तिला दूध घालते. ते मी त्यांना समजावून सांगितलं. फोटोत बोंबलापाशी एक बोटही होतं. मी तेव्हा फक्त बोंबील पाहिला.

बाय गेल्याला आता वर्ष होऊन गेलं. त्यानंतर घरतांमध्ये एकच फरक दिसला. पोचा, तडा, गळती दाखवायला ते लाल टोपणाचं पेन वापरू लागले. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हातात पेन, अशी ती कसरत असे. माझ्या मोरीतला नळ गळत होता तेव्हा त्यांना मदत म्हणून मी नळावर बोट ठेवलं.

"बोट काढा, बाई. बोट नको."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा तुटक बोलले. मला रागच आला. दोन दिवस मी दार लोटूनच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ते आले ते कॅमेरा, चार्जर आणि एक मोठा केलेला फोटो घेऊन. बायच्या वर्षश्राद्धाला तीन आठवडे होते. जासईला त्यांची म्हातारी काकी आहे, यमुकाकी. तेराव्याच्या दिवशी भिंतीवर लावायला फोटो नव्हता, तेव्हा ती चारचौघांत म्हणाली होती, "दाम्या, दुनियेच्या पत्र्याचे फोटू काढलेस, आन बहिनीचा एक नाय? वरीस व्हायच्या आत फोटू लाव. नायतर मी उंबऱ्यात पाय ठेवनार नाय."

"आनि ती खरंच येनार नाय, बाई," घरत म्हणाले. "बायला ती आईसारखी होती."

हातातला फोटो आधार कार्डावरचा होता. स्टुडिओत मोठा करून आणलेला. डोळे मिटलेले, चेहरा पसरट.

"ही बाय नाय. हा कोनी तरी गुन्हेगार हाय." त्यांनी तो टेबलावर पालथा घातला. "माझ्या कॅमेऱ्यात कुठं तरी असंल. मागं उभी असंल, जाता-येता आली असंल. मला नाय दिसत. तुमी डब्यांना चिठ्ठ्या लावता. तुमाला सापडंल."

कॅमेऱ्याचा पडदा चरे पडून धुरकट झालाय, म्हणून मी कार्ड काढून बाबाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये घातलं. रोज दुपारी तीन ते साडेचार आम्ही बसायचो. मी वहीत रकाने आखले: तारीख, वस्तू, शेरा. घरत शेजारी बसून सांगत, मी लिही. "मिक्सर, झाकन तुटलेलं. आंब्याची पेटी, वरच्या थरातले दोन खराब. छत्री, काडी वाकडी. स्टुलाचा पाय." हजारो फोटो होते. मी प्रत्येकाच्या मागे, कडेला, दारात, आरशात चेहरा शोधत होते. घरतांचं शिक्षण पक्कं होतं. एकातही बायचा चेहरा नव्हता.

पाचव्या दिवशी मी वही मागून पुढे चाळली, आणि शेऱ्याच्या रकान्यात मीच एक शब्द सारखा लिहिलेला दिसला. बोट. बोट. बोट, पीठ लागलेलं. बोट, ओलं.

मग मी फोटो पुन्हा पहिल्यापासून लावले आणि वस्तू बघायचं सोडून दिलं.

अंगठ्याजवळ गोंदणाचे तीन ठिपके. काचेच्या बांगड्या. मासे कापताना कधीतरी चिरलेलं आणि तसंच वाढलेलं नख. एका फोटोत त्या बोटाला कोळंबीचं साल चिकटलेलं. एकात बोट मिक्सरच्या झाकणावर नाहीच, भलतीकडे, आणि सगळा फोटो हललेला.

"हसत होती," घरत म्हणाले. "सांगत होतो, हलू नको."

एका फोटोत औषधाची पट्टी होती, एक खण आधीच रिकामा. बोट त्या रिकाम्या खणावर. बांगड्या हातातून निसटू नयेत म्हणून दोऱ्याने एकत्र बांधलेल्या होत्या. त्याच्या पुढच्या फोटोत आमच्या मजल्यावरचा विजेचा मीटर होता आणि मीटरकडे लाल टोपणाचं पेन होतं.

मी वही मिटली आणि चहा टाकायला उठले. चहा घेऊन आले तरी घरत तिथेच, त्याच फोटोवर होते.

"तिनं कदी सांगितलं नाय, माझा काढ म्हनून," ते म्हणाले. "आनि मीबी नाय विचारलं."

"घरत, हाच लावा. हाताचा."

"हाताला हार घालतात काय, बाई?"

"घालून बघू."

कोणता लावायचा हे मात्र त्यांनीच ठरवलं. मी पिठाच्या हाताचा सुचवला होता, तो दिसायला चांगला होता. त्यांनी बोंबलाचा निवडला. "हितं ती रागावलेली हाय. बोट बगा कसं ताठ हाय. ही खरी बाय."

वर्षश्राद्धाला मी त्यांच्याबरोबर रिक्षाने जासईला गेले. रस्ताभर कंटेनरचे ट्रेलर. प्रत्येक ट्रेलर ओलांडताना घरत नकळत त्याची डावी बाजू तपासत होते. मांडीवर फ्रेम, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

तिथल्या त्यांच्या जुन्या घरी पाटावर फ्रेम ठेवली, हार घातला. लोक आले, बघितलं, एकमेकांकडे पाहिलं. एक जण हळूच म्हणाला, "ह्ये काय, सुकटीचा फोटू?" घरत भिंतीशी उभे होते, हाताची घडी घालून. यमुकाकी उंबऱ्याबाहेरच थांबली होती. फोटो लावलाय असं कोणीतरी सांगितलं तेव्हा नातसुनेचा दंड धरून आत आली. चष्मा काचेला टेकेल इतकी वाकली. मग तिने गोंदणाच्या तीन ठिपक्यांवर आपलं बोट ठेवलं.

"ह्ये मीच गोंदवून आनलं व्हतं तिला. जत्रेत. रडली न्हाय." ती तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, "आन ह्यो बोंबील कोनी खाल्ला?"

घरतांनी माझ्याकडे हात केला. "बाईंच्या मांजरीनं."

सगळं घर हसलं. काकी हसता हसता डोळे पुसत खाली बसली आणि तिने पाणी मागितलं. ती मांजर माझी नव्हे, हे मी तिथे कोणालाही सांगितलं नाही.

आता खोक्याकडे येते. दिवाळीआधी मी फराळ भरला, चिकटपट्टी लावली आणि घरतांना हाक मारली. चार बाजू, वरून, खालून, सहा फोटो झाले. एक कोपरा जरा चेपलेला होता. त्यांनी खिसा चाचपला.

"पेन नाय आनलं. बाई, तुमी ठेवा बोट."

लाल टोपण त्यांच्या खिशातून वर दिसत होतं. मी कोपऱ्यावर बोट ठेवलं. नील, ते बोट माझं.

फोटो झाल्यावर मी खोकं उचलायला वाकले तर ते म्हणाले, "थांबा. आता तुमचे."

"माझे कशाला?"

"नंतर शोधायला नको."

मी पदर सारखा केला. चष्मा काढू का, असं विचारलं. ते म्हणाले, नको, हाय तसा माल. मग मी गॅलरीत उभी राहिले आणि त्यांनी सांगितलं तशी वळत गेले. पुढून, डावीकडून, पाठीमागून, उजवीकडून. तळाचा आग्रह त्यांनी धरला नाही.

मग मी कॅमेरा मागितला. तो ते कोणाच्या हातात देत नाहीत. त्यांनी दोरी मनगटातून काढून माझ्या मनगटात घातली, कुठलं बटण ते दाखवलं आणि दाराला पाठ लावून ताठ उभे राहिले. कुठे बघायचं ते त्यांना कळत नव्हतं. "माझ्याकडे बघा," मी म्हटलं. फोटो जरा हललाय. घरत हलले नव्हते, मी हलले.

माझे चार आणि त्यांचा एक, हे पाचही फोटो छापून आणले आहेत. माझ्या कपाटातल्या प्रत्येक पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ह्या पाकिटावर मी अजून काही लिहिलेलं नाही. ते वरच्या खणात, डाव्या बाजूला आहे. तुम्ही याल तेव्हा तुमच्या अक्षरात लिहा.