भूपाल अण्णांचं लिंबू

भूपाल अण्णा घराबाहेर पडताना चष्मा विसरतात, छत्री विसरतात, एकदा तर पायांत दोन वेगळ्या चपला घालून सांगलीला जाऊन आले. पण सदऱ्याच्या खिशात लिंबू नाही, असं कधी झालेलं नाही. पिवळंधमक, गोल, बिनडागाचं लिंबू. बाजारात ते निवडताना अण्णांना बघावं. सून बघायला आलेली मंडळीही इतकी चिकित्सा करत नाहीत.

हे लिंबू खाण्यासाठी नसतं. बँक, दवाखाना, मंगल कार्यालय, जिथे व्हीलचेअरसाठी रॅम्प केलाय तिथे अण्णा वरच्या टोकाला उभे राहतात आणि लिंबू सोडतात. ते रमतगमत खाली आलं तर अण्णा मान डोलावतात. सुसाट सुटलं तर आत जाऊन साहेबाला गाठतात. "लिंबू पळालं म्हंजी माणूस पडलं. उतार बदला. कायद्यात हाय!"

"कायद्यात हाय" हे त्यांचं पालुपद. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा त्यांनी मराठीतून वाचून काढलाय, आणि आता त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट त्यात सापडते. चहात साखर कमी पडली तरी ते कायद्यात असतं. मी एकदा सुचवलं, "अण्णा, लिंबू वेडंवाकडं जातं. गोटी वापरा." तर म्हणाले, "गोटी लय उतावळी, गड्या. सपाटीवरनं बी पळती."

हे खूळ लागलं ते पाय मोडल्यापासून. सूतगिरणीतून निवृत्त झाल्यावर अण्णा एकदा बँकेत गेले आणि तिथल्या गुळगुळीत रॅम्पवरून घसरले. बँकेचा माणूस म्हणाला, "आजोबा, हा अपंगांसाठी आहे. तुम्ही कशाला गेलात?" अण्णा पडल्या पडल्या ओरडले, "मंग अपंग पडला असता तर चाललं असतं व्हय रं?" प्लास्टर उतरलं, पण राग उतरला नाही.

माधवनगरात आमची घरं समोरासमोर. अण्णा जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. कितीही मोठं भांडण चालू असो, ऊन कलायला लागलं की "ऱ्हायलेलं उद्या" म्हणून वाक्य अर्धं टाकून घरी निघतात. साहेब लोक हे ओळखून आहेत. ते त्यांना मुद्दाम संध्याकाळची वेळ देतात.

मी ज्या हायस्कुलात मराठी शिकवतो, तिथे मागच्या वर्षी सुनीता माने गणिताची शिक्षिका म्हणून आली. मूळची विट्याची, वडील सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात दक्षिणेकडे. लहानपणी झालेल्या अपघातापासून ती व्हीलचेअर वापरते. शाळेच्या दाराला उंच पायऱ्या. मग रोज सकाळी दोन शिपाई तिला खुर्चीसकट उचलून आत आणायचे, आणि मुलं मैदानावरून बघत राहायची.

"सर, गौरीसुद्धा वर्षातून एकदाच आणतात हो," ती मला म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

तिने रॅम्प मागितला. मुख्याध्यापक म्हणाले, बघू. दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर होते, ते खाली आणा म्हणाली. मुख्याध्यापक म्हणाले, बघू. बघून बघून त्यांनी एक तोडगा काढला: सुनीताबाईंनी गणित सोडावं आणि खाली ग्रंथालय सांभाळावं. "तुमच्याच सोयीसाठी," असंही म्हणाले.

"अपंग आहे म्हणून माझं काम काढून घेता येत नाही, सर," ती म्हणाली. "सोय तुम्ही करायची, काम मी करायचं. नाहीतर मी दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करीन."

तक्रारीचं नाव निघताच आठवड्यात रॅम्प झाला. पण जागा वाचवायची म्हणून ठेकेदाराने तो असा उभा केला की वरून पाणी ओतलं तर धबधबा दिसावा. सुनीताने त्याच्या पायथ्याशी थांबून बघितलं, आणि तिला पुन्हा शिपायांना हाक मारावी लागली. मुख्याध्यापकांनी मात्र फीत कापून टाकली होती. "आम्ही आमचं केलं. आता जमत नसेल तर ग्रंथालय आहेच." सुनीताने त्याच दिवशी आयुक्तांकडे तक्रार धाडली.

ही हकिकत मी संध्याकाळी अण्णांना सांगितली. दुसऱ्या दिवशी, शाळा भरायच्या आधीच, अण्णा रॅम्पवर हजर. लिंबू सोडलं. ते जे सुटलं ते मैदान ओलांडून थेट पलीकडच्या मुख्याध्यापकांच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन थांबलं. अण्णा ते उचलायला निघाले, तेवढ्यात शाळेसमोरून एसटी आली, आणि दवाखान्याची वेळ झाली म्हणून ते लिंबू तिथेच सोडून गेले.

त्या दिवशी अमावास्या होती.

उंबऱ्यावर लिंबू बघून शिपाई जागच्या जागी थिजला. मुख्याध्यापक भौतिकशास्त्राचे पदवीधर, पण ते खोलीत न जाता खिडकीबाहेर उभे राहून कागदपत्रं मागू लागले. दुपारपर्यंत गावात झालं, शाळेवर कुणीतरी करणी केली आणि ती त्या नव्या रॅम्पवरून उतरली. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं आली नाहीत. संस्थेचे अध्यक्ष स्वतः धावत आले. लिंबू कुणाचं ते मी सांगितलं, आणि अण्णांना बोलावणं गेलं.

"लिंबू तुमचं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"व्हय, माजंच. कुटं हाय? लय चांगलं होतं." अण्णांनी खाली वाकून शोधायला सुरुवात केली. "आवं, करणीबिरणी काय न्हाई. तुमचा उतार मोजत होतो. ह्यो रॅम्प न्हाई, घसरगुंडी हाय. बाईंचं काम काढून घेताय, त्ये बी चालत न्हाई. कायद्यात हाय!"

कायदा कुणी ऐकला नाही. पण ज्या रॅम्पवरून लिंबू उतरलं तो शाळेत ठेवायला कुणी तयार नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "पाडा तो आधी." पाडला. आता नवा बांधणं आलंच. सुनीताने तक्रार मागे घेतली नाही, उलट त्यात मापं जोडली. नवा रॅम्प लांब झाला, मध्ये थांबायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडे. दहावी खाली आली. गणित सुनीताकडेच राहिलं.

"लिंबाला घाबरतात, कायद्याला नाही," ती मला म्हणाली. तिला ते लागलं होतं. लागणारच.

पहिल्या दिवशी ती एकटी रॅम्प चढून आत गेली. अण्णा फाटकाशी उभे होते. इतके खूश की म्हणाले, "बाई, आज चहाला माज्या घरी. सर, तुमी बी या."

शाळा सुटल्यावर आम्ही अण्णांच्या दाराशी आलो. पुराच्या धास्तीने उंच बांधलेलं जोतं, आणि त्याला उभ्या पायऱ्या. सुनीता थांबली. अण्णांनी बाह्या सरसावल्या. "त्यात काय! सर, तुमी तिकडनं धरा. उचलू दोघं."

सुनीताने नुसतं अण्णांकडे बघितलं. अण्णांच्या हातून बाह्या सुटल्या. चहा आम्ही रस्त्यावरच प्यायलो, आणि अण्णा एकदाही कायद्याचं बोलले नाहीत.

मग बरेच दिवस लिंबू बाहेर पडलं नाही. एके सकाळी समोर गवंडी दिसले. अंगणातला कट्टा फोडत होते. त्या कट्ट्यावर इंदूवहिनी, अण्णांची बायको, तांदूळ निवडत बसायच्या. त्या गेल्या तरी अण्णा तिथे कुणाला बसू देत नसत. मी चकित होऊन बघत राहिलो.

"इंदू गेल्यापास्नं ह्या दारातनं आत कोण आलंच न्हाई, सर," अण्णा म्हणाले. "कुणी येतच न्हाई, तर पायऱ्या दिसत्यात कुणाला?" समोर राहून मीही कधी ओट्याच्या आत गेलो नव्हतो.

रॅम्प सुकल्यावर सुनीता आली. अण्णांनी वरून लिंबू सोडलं. ते सावकाश घरंगळत आलं आणि तिच्या चाकाला टेकून थांबलं. ती ते मांडीवर घेऊन वर आली, आणि अण्णांनी त्याच लिंबाचं सरबत केलं. साखर कुठे आहे ते त्यांना सापडेना, पेले धूळ झटकून घ्यावे लागले. मग बोलणं सुरू झालं. सूतगिरणीचं, विट्याचं, इंदूवहिनींचं. सुनीताने दहावीच्या पोरांच्या नकला केल्या, अण्णा गुडघ्यावर थाप मारून हसत होते.

ऊन भिंतीवरून सरकलं, विझलं. आत ताटावर ताट झाकलेलं मला दिसत होतं.

"अण्णा," मी हळूच म्हणालो, "सूर्य मावळला. तुमचं जेवण राहिलं."

अण्णांनी दाराबाहेर एकदा बघितलं.

"ऱ्हाऊ दे, सर," ते म्हणाले. "जेवाण रोजच असतंय."