सेतुरावांच्या बाई

सेतुरावांना मी ऑफिसबाहेर पहिल्यांदा पाहिलं ते साडीच्या दुकानात, आरशासमोर. अंगात पांढरा शर्ट, करडी पँट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र आणि या सगळ्यावरून मोरपंखी रंगाचा जरीचा पदर. मान किंचित कलती करून ते स्वतःकडे बघत होते. दुकानदार गंभीर चेहऱ्याने काठ धरून उभा होता. दुकानात हसणारं कोणी नव्हतं. मीच एकटा हसू दाबत होतो.

आरशातच त्यांनी मला ओळखलं. मिरजेहून माझी तंजावूरला बदली होऊन चारच दिवस झाले होते. सरकारी धान्य गोदामात मी तपासणी अधिकारी आणि हे माझे सहायक. पदर न काढता ते वळले.

"बरे भेटलांत सार. हा रंग आमच्या बाईंस शोभेल, कीं जड जाईल?"

"शोभेल की," मी म्हणालो.

"तुम्ही बाईंस पाहिलें नाहीं. मग कसें सांगतां?" असं म्हणून त्यांनी पदर दुकानदाराच्या हाती दिला. "राहों द्या. मी बाईंस विचारून येतों."

सेतुरावांचं घराणं राजवाड्यामागच्या गल्लीतलं, मराठी राज्याच्या काळात तिकडे गेलेलं. त्यांचं मराठी ऐकलं की माझ्या पणजोबांची पत्रं कोणीतरी तमिळ हेल काढून वाचतंय असं वाटे. देवनागरीचं एक अक्षर मात्र त्यांना येत नसे. मराठी चिठ्ठ्या ते तमिळ लिपीत लिहीत, आणि त्या मला वाचून दाखवायचं काम शिपायाकडे असे. तमिळ लिपीत ग आणि क, ब आणि प एकच. एकदा शिपायाने वाचलं, "कोदाम पंद आहे." कोणी कोदामपंत नावाचे गृहस्थ भेटायला आलेत असं समजून मी अर्धा तास त्यांची वाट पाहिली. सेतुरावांना एवढंच कळवायचं होतं, की गोदाम बंद आहे.

कामात माणूस चोख. पोत्यात परखी खुपसून चार दाणे काढायचे, दाढेखाली धरायचे, 'कट्' असा आवाज ऐकायचा आणि ओलावा सांगायचा. यंत्र मागाहून तोच आकडा दाखवी. पण प्रत्येक गोष्टीत त्या बाई. डब्यात लोणचं का नाही? "बाईंचा घसा धरतो." दुपारी कॉफी का नाही? "बाईंस चालत नाहीं." एकदा मी केलेला एक तक्ता बघून त्यांनी कपाळाला आठी घातली. "बाईंस पसंत पडला नसता, सार." मी तो पुन्हा केला.

माझ्या बायकोला, सुनीताला, या बाईंची फार उत्सुकता. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिने सेतुरावांना सपत्नीक बोलावलं. सेतुराव एकटेच आले, हातात केवड्याचं पान घेऊन.

"बाई नाही आल्या?" सुनीताने विचारलं.

"त्या वर्षांतून एकच दिवस येतात, अम्मा."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. घटस्फोट, माहेर, आजारपण, सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं. सेतुरावांनीही ते पाहिलं असावं. त्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला आणि अगदी सहज म्हणाले, "बाई म्हणजे मीच, सार. मी स्त्रीपार्ट करतों."

आत कुकरची शिट्टी झाली, ती बंद करायला कोणी उठलं नाही.

मग सेतुरावांनी सांगायला सुरुवात केली. वडील शाळेत कवायत शिकवायचे. मुलगा चालला की कंबर हले, बोलला की हात आपोआप फुलासारखे उघडत. वडिलांना ते सहन होईना. रोज संध्याकाळी अंगणात खडूची रेघ, दोन्ही हातांत पाण्याने काठोकाठ भरलेले तांबे आणि त्या रेघेवरून ताठ चालायचं. पाणी सांडलं की आणखी एक फेरी. गल्लीतली मुलं त्यांना 'वहिनी' म्हणत. तमिळ शाळेतली मुलं दुसरं काहीतरी म्हणत. तो शब्द त्यांनी आम्हाला सांगितला नाही.

"इकडे शाळेंत मी मराठी, आणि मराठी घरांत मी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "बसावयास जागाच नव्हती, सार."

एकोणिसाव्या वर्षी सुगीपुरती भातखरेदीच्या शेडवर नोकरी लागली. ओरत्तनाडूच्या पुढे, कालव्याकाठच्या एका खेड्यात. एक दिवस बांधावर कोणी नाही असं बघून ते आपल्या मूळच्या चालीने निघाले होते. एवढ्यात नारळाखाली बसलेला एक म्हातारा ओरडला, "ए, थांब!" सेतुरावांनी सवयीने कंबर ताठ केली आणि खडूच्या रेघेवर चालावं तसं चालू लागले.

म्हातारा भडकला. "आता का बिघडवलीस? पहिल्यासारखा चाल!"

तो गावच्या नाटकाचा वाद्यार होता, म्हणजे गुरू. देवळाच्या उत्सवात दर वर्षी होणाऱ्या त्या नाटकात बायकांची कामं पुरुषच करत. राणीची चाल शिकवता शिकवता म्हाताऱ्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि हा मुलगा ती चाल घेऊन बांधावरून चालत आला होता.

"एकोणीस वर्षांत, सार," सेतुराव म्हणाले, "मज कोणीं 'पहिल्यासारखा चाल' असें म्हटलें नव्हतें."

"मग पहिल्यांदा लुगडं नेसलात तेव्हा कसं वाटलं?" सुनीताने विचारलं. मला विचारायचा धीर झाला नव्हता.

सेतुरावांनी पेला पुन्हा हातात घेतला. "आरशांत पाहिलें आणि मनांत म्हणालों, याच त्या. यांसच मी इतकीं वर्षें रेघेवर चालवीत होतों." मग हसले. "त्या दिवसापासून बाई वर्षांतून एकदा येतात, आणि बाकीचे दिवस मी त्यांच्या चालीनें चालतों. लोक हंसले तर हंसोत, पोतुम!" पोतुम म्हणजे तमिळमध्ये 'पुरे'. असं ठासून 'पुरे' मी क्वचितच ऐकलं आहे.

नाटक वैशाखात असे. त्याआधी दोन महिने गोदामात बाईंची तयारी चाले. पोती मोजताना सेतुराव एका पायावर उभे राहत. बैठकीत डोळ्यांचा व्यायाम करत. साहेब बोलत असताना त्यांच्या बुबुळांच्या उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात संथ फेऱ्या चालू असत. नव्या साहेबाला वाटलं, या माणसाला आपलं काहीच पटत नाही. त्याने तीन वेळा आपला हुकूम बदलला आणि शेवटी सेतुरावांनाच विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय?"

त्या वर्षी नाटकाला आठ दिवस असताना त्यांची थोरली बहीण गोदामात आली. सावित्रीअक्का, ओरत्तनाडूच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, विधवा. त्यांच्या मुलीचं लग्न कोइमतूरच्या एका घरात ठरत होतं. तीही मूळची मराठी माणसं, पण मोठी, सुबत्तेतली. अक्का माझ्यासमोरच बोलल्या.

"सेतू, या वर्षीं राहों दे. पोरीचें लग्न होऊं दे, मग पुढल्या वर्षीं कर. मी काय वाईट सांगत्यें?"

"वाईट नाहीं, अक्का."

"त्यांस कळलें आणि त्यांनीं नाहीं म्हटलें तर?"

सेतुरावांनी परखी पोत्यावर ठेवली. त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच, पोत्यांच्या थप्पीला टेकून, मुलाच्या वडिलांना लावला.

"नमस्कार. मी मुलीचा मामा. एक गोष्ट तुम्हांस माझ्या तोंडून कळावी. मी स्त्रीपार्ट करतों. लुगडें नेसून, नथ घालून, भर गांवासमोर. पुढल्या शनिवारीं आहे. पाहावयास या. न आलांत तरी राग नाहीं." पलीकडून उत्तर येतं का ते ऐकलं आणि फोन ठेवला. "कांहीं बोलले नाहींत," ते अक्कांना म्हणाले.

अक्कांचा चेहरा पांढरा पडला होता. मागवलेली कॉफी तशीच ठेवून त्या निघून गेल्या. सेतुराव परखी घेऊन पुढच्या पोत्याकडे वळले. पण दाणा दाढेखाली धरून ते बराच वेळ चावायचंच विसरले होते.

शनिवारी मी आणि सुनीता चार वाजताच त्या खेड्यात पोचलो. हल्ली नाटक उन्हं उतरता उतरता सुरू करतात. देवळासमोर मांडव, खाली सतरंज्या, पलीकडे हिरवंगार भात. साडेचारला एक मोटार आली. नवऱ्या मुलाचे वडील उतरले. त्यांनी हात धरून आपल्या आईला उतरवलं. ऐंशीच्या पुढची, नऊवारीतली, ठेंगणी आजी. मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. वडिलांनी माझ्याशी हवापाण्याच्या पलीकडे एक शब्द काढला नाही. अक्का कुठे दिसल्या नाहीत.

नाटकाची कथा त्या गावाचीच. नदीचा बांध फुटलेला असतो. राजाला कौल मिळतो, की पोटचा मुलगा बांधावर दिल्याशिवाय पाणी थांबणार नाही. राणीने त्याला शेवटचं जेवू घालून पाठवायचं. शेवटी नदी मुलगा परत देते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

मृदंग वाजला आणि बाई आल्या.

मी रोज ज्यांच्याशेजारी बसून डबा खात होतो ते सेतुराव त्या बाईंमध्ये मी शोधत होतो. ते सापडले नाहीत. छप्पन्न वर्षांचा, सुटल्या पोटाचा, विरळ केसांचा तो माणूस कुठे गेला होता कोण जाणे. पाच पावलं. तेवढ्यात सगळा मांडव गप्प झाला. त्या चालीत डौल होता, पण नटवेपणा औषधाला नव्हता. इतकी वर्षं आपल्याच घरात फिरणारी बाई चालेल, तशा त्या चालत होत्या.

मग जेवणाचा प्रवेश आला. केळीचं पान मांडलं, पाट मांडला. पाटावर कोणीही नव्हतं. मुलाचं काम करायला त्या नाटकात कोणी नसतंच. राणी त्या रिकाम्या पाटाशी बोलू लागली. मला त्या तमिळमधलं काही कळत नव्हतं, पण मुलगा वांगं बाजूला सारतोय हे कळलं. पाणी मागतोय हे कळलं. 'लवकर दे, मला खेळायला जायचंय' म्हणतोय हेसुद्धा कळलं. राणीने भात कालवला. घासावर हलकीशी फुंकर घातली, गरम तर नाही ना म्हणून तो आपल्या गालाला लावून पाहिला आणि पुढे केला. सुनीताने माझं मनगट घट्ट धरलं.

एवढ्यात पुढच्या रांगेत आजी उठून उभी राहिली.

"धाडूं नको ग त्याला!" ती मराठीत ओरडली. "लेंकरूं आहे ग तें!"

मृदंग थांबला. वडील तिला खाली बसवू लागले, पण ती बसेना. राणीचा घास धरलेला हात तसाच अधांतरी होता. राणीने मान वळवून आजीकडे पाहिलं. त्या नाटकात आजवर एकही मराठी शब्द उच्चारला गेला नसेल. राणी मराठीत म्हणाली, अगदी हळू, पण मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं,

"मग काय करूं, आई? सांगा ना."

आजीने पदर तोंडात धरला आणि मटकन खाली बसली. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या त्या सगळ्या तमिळ बायका पदराने डोळे पुसत होत्या. राणीने घास भरवला. आयुष्यात मी पुष्कळ नाटकं पाहिली आहेत. रिकाम्या पाटाला हात जोडावेसे मला त्याच दिवशी वाटले.

नाटक संपल्यावर गावच्या बायका आपापली तान्ही मुलं राणीच्या मांडीवर घालायला रांगेने उभ्या राहिल्या. आजी रांगेत पहिली, हातात मूल नसताना. तिने राणीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली, आणि मागे उभ्या असलेल्या आपल्या लेकाला म्हणाली, "चिंतामणी, उद्यां मुहूर्त पाहा. आणि हिला लग्नांत पुढें बसवावयाची, समजलें?" चिंतामणरावांनी चष्मा पुसत मान हलवली. 'ही' कोण, हे समजावून सांगायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेतुरावांकडे गेलो. त्यांच्या घरात मी प्रथमच पाऊल टाकत होतो. एक खोली, एक खाट, दोरीवर वाळत घातलेला एक शर्ट. भिंतीला टेकून ते जमिनीवर बसले होते. पापण्यांच्या कडेला काजळ राहिलं होतं. आवाज पार बसला होता.

"आजचा दिवस फार लांब असतो, सार," ते कुजबुजले. "काल एवढीं माणसें होतीं."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. अक्का उतरल्या, हातात कडीचा डबा. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, आत आल्या, ताट शोधलं आणि भातावर मिऱ्याचं सार ओतलं. वाफा निघत होत्या.

"घसा बसला असेल," त्या म्हणाल्या. मग भात कालवता कालवता, खाली बघतच, "मी मागें उभी होत्यें काल. नारळापाशीं."

सेतुराव भिंतीपासून ताटाशी सरकले.

"तो घास तूं गालाला लाविलास. माझ्या शेजारची बाई म्हणाली, याची आई असेंच भरवीत असेल." अक्कांचा हात थांबला. "आई गेली तेव्हां तूं वर्षाचाही नव्हतास, सेतू. तुला मी भरवीत असें. मी नऊ वर्षांची होत्यें."

"ठाऊक आहे, अक्का," सेतुराव म्हणाले. "मी दर वर्षीं तुझाच पार्ट करतों."

अक्कांनी ताटातला एक घास उचलला, त्याच्यावर फुंकर घातली आणि छप्पन्न वर्षांच्या भावापुढे धरला.

मी चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.