एकच उंदीर

"एकच आहे," असं पोचपावती वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले आणि तिथेच सगळं बिनसलं.

पोचपावती हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. एका मोठ्या कार्यालयात ते आवक-जावक कारकून होते. आलेल्या पत्राची नोंद करायची, त्यावर लाल शिक्का मारायचा आणि पत्र पोचल्याची पावती धाडायची, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं इतक्या निष्ठेने केलं की शेवटी त्या विषयावर पुस्तकच लिहिलं: 'पोचपावतीचे अंतरंग'. छापलंही स्वतःच. पाचशे प्रतींपैकी एकोणीस खपल्या. (त्यातल्या अकरा त्यांनी स्वतःच निरनिराळ्या दुकानांतून विकत आणल्या होत्या, पण खप तो खपच.) बाकीच्या प्रती सुतळीने बांधून, सोळा गठ्ठे करून, स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेली सहा वर्षं वाचकांची वाट पाहत होत्या.

"एकच कसा असेल?" बायको म्हणाली. "सोमवारी साबण गेला, काल फडकं गेलं, आज पावाच्या पुडीला हे एवढं भोक."

"खाणारा असेल."

"फडकं खाणारा?"

ही बाई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर डोळे बारीक करून पेशी मोजायच्या, हा तिचा धंदा. मोजण्याच्या बाबतीत तिच्याशी वाद घालू नये, एवढी अक्कल लग्नाला तेवीस वर्षं झालेल्या माणसाला हवी होती.

"त्यांनी माळ्यावर घर केलंय," ती म्हणाली. "तुमच्या त्या गठ्ठ्यांत."

आता मात्र वर्तमानपत्र खाली आलं.

"गठ्ठ्यांचा काही संबंध नाही. एखादा चुकून आलेला असतो. आला तसा जाईल."

"बरं. एकच निघाला तर मी माळ्याकडे मान वर करून बघणारसुद्धा नाही. पण एकाहून जास्त निघाले, तर सगळे गठ्ठे रद्दीत. कबूल?"

"कबूल," पोचपावती म्हणाले. (घरोघरी नवरे असंच काहीतरी कबूल करून बसतात.)

त्याच दिवशी तारेचा पिंजरा आला, आत शेंगदाणे गेले आणि दुसऱ्या सकाळी उंदीर हजर झाला. आता हा पुन्हा आला तर ओळखायचा कसा? पोचपावतींच्या अंगातला कारकून जागा झाला. आलेल्या कागदावर खूण केल्याशिवाय त्यांना घास गेला नसता. बायकोने स्वतःची लाल नेलपॉलिश आणून दिली. तारांमधून शेपटी बाहेर आलीच होती, तिच्या टोकाला त्यांनी दोन हात दिले, फुंकर मारून वाळवली आणि पिंजरा नेऊन कोपऱ्यावरच्या बागेत उघडला.

तिसऱ्या दिवशी बायको उठायच्या आत त्यांनी पिंजरा पाहिला. आत उंदीर होता आणि त्याची शेपटी धुतल्यासारखी कोरी होती.

पोचपावतींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माळ्याकडे पाहिलं, उंदराकडे पाहिलं, झोपायच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. खोटी नोंद केली. नेलपॉलिश शेल्फवरच होती.

"अगं बाई! परत आला?" बायको लाल शेपटी बघून म्हणाली.

"तरी मी सांगत होतो!"

"मग बाग जवळ पडली. लांब सोडा याला."

इथून पोचपावतींच्या हालांना सुरुवात झाली. कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा कोराच उंदीर सापडला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. प्रत्येकाला रंगवावं लागे आणि प्रत्येक वेळी बायको अंतर वाढवी. बागेवरून पुलापलीकडे, पुलावरून धान्याच्या गोदामापाशी, तिथून थेट बस डेपो. सकाळी ऐन गर्दीत, मांडीवर पिशवी आणि पिशवीत पिंजरा घेऊन हा मनुष्य कार्यालयाच्या उलट दिशेला निघे.

"पिशवी हलतेय तुमची," कंडक्टर म्हणाला.

"कागदपत्रं आहेत."

"जिवंत दिसतात."

"तातडीची आहेत," पोचपावती म्हणाले.

तेवढ्यात नेलपॉलिश संपली. तीच छटा हवी, म्हणून ते रिकामी बाटली घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने आपुलकीने चौकशी केली, ते आणखीच अंगाशी आलं.

"ही छटा बंद झाली, काका. कोणासाठी हवीय? रंग कसा आहे त्यांचा?"

"राखाडी."

"म्हणजे सावळा?"

"नाही, राखाडी. पोटाकडे जरा उजळ."

मुलीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग तिने मिळतीजुळती बाटली काढली. "ही लावल्यावर दहा मिनिटं त्यांना हात हलवू देऊ नका."

"हाताला नाही लावायची," असं बोलून पोचपावती पुढचं गिळून बाहेर पडले. त्या दुकानात त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

कार्यालयात आठवड्यातून चार लेटमार्क लागले. उशिराचं कारण लेखी द्या, असा साहेबांचा मेमो आला. त्यांनी 'घरगुती आवक-जावक' असं लिहून दिलं आणि त्यावर दुसरा मेमो आला. शेवटी त्यांनी हात टेकले. डेपोला जातो असं सांगून ते जिना उतरत, इमारतीमागे पाण्याच्या पंपापाशी पिंजरा उघडत आणि सरळ कार्यालय गाठत. कोणाला कळणार होतं?

कळलं नाहीच. उलट भलतंच झालं. बायकोचा राग पातळ होऊन त्या उंदराबद्दल तिला कौतुक वाटायला लागलं. "डेपोपासून चालत येतो हो!" असं ती प्रयोगशाळेत ज्याला त्याला सांगू लागली. तिच्या वरिष्ठ डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, "दिशेचं इतकं ज्ञान? मला बघायचाय तो." ही गोष्ट बायकोने घरी येऊन सांगितली, तेव्हा पोचपावतींना ठसका लागला.

"त्यांना कशाला बोलवायचं? सुटीच्या दिवशी त्यांना त्रास."

"त्या हौसेने येतायत. आणि तुम्ही दाढी करून घ्या."

रविवारी चारच्या ठोक्याला डॉक्टरीणबाई आल्या. सकाळचा पिंजरा स्वयंपाकघरात स्टुलावर ठेवला होता आणि आतल्या पाहुण्याची शेपटी ताज्या रंगाने चकचकत होती. बाई वाकल्या. चष्मा नाकावर घेतला.

"हाच तो? डेपोवाला?"

"हाच. बारा दिवसांत दहा वेळा आलाय," बायको अभिमानाने म्हणाली. "दुसरा उंदीर घरात नाहीच. यांचंच खरं निघालं."

नवऱ्याचं खरं निघालं असं ती चारचौघांत म्हणाल्याला किती वर्षं झाली होती, ते पोचपावतींना आठवेना. त्यांना मनापासून बरं वाटलं आणि मनापासून लाजही वाटली. तेवढ्यात गॅसच्या शेगडीमागून एक लाल शेपटी निघाली आणि ओट्यावरून रमतगमत भांड्यांच्या रॅककडे गेली.

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"फार चपळ आहे तो," पोचपावती म्हणाले.

"पिंजऱ्यातला पिंजऱ्यात आहे," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता.

फ्रिजखालून दुसरी शेपटी आली. तिच्यामागे तिसरी. पंपापासून वर आलेला सांडपाण्याचा पाइप नेमका यांच्याच मोरीत उघडत होता, हे पोचपावतींनी आवक-जावक खात्यात असूनही कधी लक्षात घेतलं नव्हतं.

"चार," बायको म्हणाली. मोजण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. "आणि हा लाल माझ्या बाटलीतला नाही. अहो! तुम्ही उंदीर रंगवत होतात?"

"पहिला रीतसर रंगवला होता."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांच्या बाबतीत..." पोचपावतींनी घसा साफ केला. "थोडी अनियमितता झाली."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंदरांचं एक वेळ ठीक होतं, पण वरिष्ठ बाईंसमोर तिने इतके दिवस ज्याचे गोडवे गायले, तो उंदीर जगात नव्हताच. "माझी शोभा केलीत शोभा!" ती म्हणाली. "स्टूल आणा. आत्ताच्या आत्ता गठ्ठे खाली!"

पिंजरा गॅलरीत गेला, स्टुलावर बायको चढली आणि स्टूल धरायला डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. (त्यांची सुटी अशी सत्कारणी लागली होती की त्या जायचं नावच घेईनात.) वरून आधी जुनी रजई आली. तिच्या पोटात भोक होतं आणि भोकात साबण, फडकं आणि लाल रंगाच्या खुणा होत्या. मग एकेक गठ्ठा येऊ लागला आणि पोचपावती तो मूल घ्यावं तसा दोन्ही हातांनी झेलू लागले.

पहिल्या गठ्ठ्यातली वरची प्रत कुरतडलेली होती. त्यांचा जीव कळवळला. पण आतली प्रत शाबूत दिसली, म्हणून त्यांनी कुरतडलेली नीट उघडून पाहिली. मुखपृष्ठ गेलं होतं. निवृत्त साहेबांनी लिहिलेली आठ पानांची प्रस्तावना गेली होती. ऋणनिर्देशाची दोन पानं गेली होती. अकराव्या पानावर पहिलं प्रकरण सुरू होत होतं, 'पोचपावती म्हणजे काय?', आणि तिथून शेवटपर्यंत एकाही पानाला दात लागलेला नव्हता.

त्यांनी दुसरा गठ्ठा सोडला. वरची प्रत, दहा पानं. तिसरा सोडला. दहा पानं. एका गठ्ठ्यात जमलं नाही म्हणून बिचाऱ्यांनी पुढचा पाहिला असावा, मग त्याच्या पुढचा. सोळाच्या सोळा गठ्ठ्यांत उंदरांनी पुन्हा पुन्हा नेटाने सुरुवात केली होती आणि अकराव्या पानापाशी येऊन काखा वर केल्या होत्या.

पोचपावती मोरीच्या कठड्यावर बसले. डॉक्टरीणबाई एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

नवऱ्याचा चेहरा पाहून बायकोचा राग निवळला. ती स्टुलावरून उतरली, जवळ फडकं नव्हतं म्हणून हातांनीच त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकली.

"मनाला लावून घेऊ नका हो. मुकी जनावरं ती. त्यांना काय कळतंय?"

"तू तरी वाचलंयस ना?" पोचपावतींनी विचारलं. "पूर्ण?"

ती घुटमळली. सहा वर्षं हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता.

"ऋणनिर्देशापर्यंत वाचलं," ती म्हणाली. "त्यात माझं नाव होतं. आणि मग दूध उतू गेलं."