कोंडाबाईचा घसा आणि भाजीचं अंग

एका जंगलात, मुलांनो, डावं-उजवं करायला बंदी होती.

झालं असं, की दरबारात राजाच्या उजव्या हाताला कोणी बसायचं यावरून रानडुक्कर आणि सांबर यांची रोज जुंपायची. सिंह वैतागला. त्याने फर्मान काढलं, "माझ्या राज्यात यापुढे कोणीही डावं-उजवं करायचं नाही!" बिचाऱ्याला म्हणायचं होतं, की सगळ्यांना सारखं वागवा. पण फर्मान अमलात आणायचं काम गेलं घोरपडसाहेबांकडे. घोरपड एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली, की सुटत नाही. साहेब शब्दाला चिकटले.

त्या दिवसापासून जंगलात डावं उरलं नाही आणि उजवंही उरलं नाही. पत्ता विचारला तर लोक सांगत, "वडापर्यंत जा, मग एका बाजूला वळा. नाही सापडलं तर दुसऱ्या." टपाल वाटणारा पारवा एकच पत्र तीन महिने घेऊन फिरत होता. खेकड्यांना तिरकं चालल्याबद्दल नोटिसा गेल्या. खुद्द साहेबांची जीभ टोकाला दुभंगलेली होती, एक टोक इकडे आणि एक तिकडे. त्याबद्दल मात्र कोणी बोलत नसे. तुम्हीही बोलू नका.

या जंगलात कोंडाबाई नावाची एक कोंबडी होती. ती आजारी पडली.

पाच दिवस तिने एक दाणा टिपला नाही. तुरा फिका पडला, छातीचं हाड वर आलं. नवरा तुराजी कोंबडा तिच्या उशाशी बसून राहिला. त्याने आरवणंसुद्धा सोडलं, त्यामुळे सकाळ कधी होते ते कोणाला कळेना. शेजारी भेटायला आले, पण चौकशीला नव्हे, तक्रारीला.

"तुराजीभावजी, कोंडाबाईंचं कळलं हो, वाईट वाटलं," सशीणवहिनी म्हणाल्या. "पण आमच्या मुलांची शाळा बुडते त्याचं काय?"

तुराजीने तळ्याकाठच्या सगुणामावशीला निरोप धाडला.

सगुणामावशी जातीची बदक. अशक्त पिल्लांना नळीने भरवून जगवण्यात तिचा हातखंडा होता. हो, बदकाला हात नसतात, मला माहीत आहे. मधेच बोलू नका.

तिने आधी कोंडाबाईच्या पायांना स्पर्श केला. "गार पडलीय. आधी ऊब द्या. गारठलेल्या पोटात घास पचायचा नाही." फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवली. कोंडाबाई उबेला येईपर्यंत मावशीने नाचणीची पातळ पेज केली, गाळून घेतली आणि कोमट आहे ना ते स्वतःच्या अंगावर थेंब टाकून पाहिलं. पिशवीतून बिनसुईची सिरिंज काढली आणि तिला मऊ रबरी नळी जोडली. चोचीपासून गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीपर्यंत बाहेरूनच नळी धरून माप घेतलं आणि नळीवर तिथे दोरा बांधला.

"तुराजी, नीट बघून ठेवा. उद्यापासून तुम्हालाच भरवायचंय. जिभेच्या मागे, बरोबर मधोमध, ते भोक दिसतंय? उघडतंय, मिटतंय? ते श्वासाचं. त्यात पेज गेली, तर कोंडा आपल्या डोळ्यांदेखत जाईल. म्हणून नळी न्यायची ती तिच्या उज..."

"काय म्हणालात?"

भिंतीवर घोरपडसाहेब चिकटलेले होते. केव्हापासून होते, देव जाणे.

"उजेडात, म्हटलं," मावशी म्हणाली. "उजेडात करायचं काम आहे हे."

"हं. आणि नळी कुठून जाणार?"

"बाजूने."

"बाजू म्हटली, की डावं-उजवं आलं. ते चालणार नाही. नळी मधून जाईल."

"अहो साहेब, मधे तिचा श्वास आहे!"

"म्हणजे मध्याला तुमचा विरोध आहे?" साहेबांनी जीभ बाहेर काढून आत घेतली. "असं लिहून घेऊ?"

साहेबांनी तिथेच सभा भरवली. रानडुक्कर आलं, सांबर आलं, सशीणवहिनी होत्याच. रानडुक्कर म्हणालं, मध्य हा कोणाचाच नसतो, म्हणून तो सगळ्यांचा असतो. सांबराचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. टाळ्या पडल्या. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. कोंडाबाईने एक डोळा उघडला आणि मिटला. घसा तिचा होता, पण तिला मत नव्हतं, कारण ती आजारपणामुळे गैरहजर धरली गेली.

"आता हा ठराव पेशंटच्या गळी उतरवा," साहेब म्हणाले.

तुराजीला रडू कोसळलं. "मावशी, मला नियम कळत नाहीत, काही कळत नाही. मला ती हवीय हो. एवढंच."

मावशी सशीणवहिनींकडे वळली.

"वहिनी, तुमच्याकडे ताट कसं वाढतात?"

"इथे ताटाचा काय संबंध?" साहेब गुरकावले.

"पेशंट जेवणार, मग ताटाचा संबंध नको?"

वहिनींना विषय आवडला. "आमच्याकडे अगदी रीतीप्रमाणे असतं हो. वर मधोमध मीठ. एका अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर. दुसऱ्या अंगाला भाजी, आमटी."

"आणि अंग कोणाचं धरायचं?"

"जेवणाऱ्याचं! वाढणारी समोर उभी असते. तिने आपल्या अंगाने वाढलं, तर भाजीच्या जागी चटणी पडेल. आमच्या धाकट्या जावेने केलं होतं तसं, पहिल्याच सणाला."

"ऐकलंत, तुराजी?" मावशी म्हणाली. "मीठ असतं तिथे कोंडाचा श्वास आहे. त्या मिठाला धक्का लावायचा नाही. नळी जाणार भाजीच्या अंगाने. तुमच्या भाजीच्या नव्हे, तिच्या."

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. त्यात भाजी नव्हती.

"ही भाजी..." ते संशयाने म्हणाले. "ही नक्की कोणती?"

"पडवळाची," मावशी म्हणाली आणि कामाला लागली.

कोंडाबाईला पंखांसकट टॉवेलात गुंडाळून सरळ बसवलं. तुराजीने तिची मान वर, सरळ धरली. मावशीने नळीचं टोक पेजेत बुडवून ओलं केलं आणि भाजीच्या अंगाने अलगद आत सोडलं. "जोर करायचा नाही. अडलं, तर मागे घ्यायचं. आता मानेवरून बोट फिरवा. दोन नळ्या लागतात? एक तिची, श्वासाची, कडी-कडीची, आणि एक आपली, गुळगुळीत?"

"लागतात," तुराजी पुटपुटला.

"एकच लागली असती, तर पेजेचा थेंब सोडायचा नव्हता. आता सावकाश. तोंडात पेज वर आली, की थांबायचं."

पेज सावकाश आत गेली. कोंडाबाईच्या गळ्याखालची पिशवी थोडी फुगली. मावशीने नळी चिमटीत दाबून बाहेर काढली, म्हणजे वाटेत थेंब सांडायला नको. तुराजीने इतका वेळ स्वतःच श्वास घेतला नव्हता, तो आत्ता घेतला.

आठ दिवस तो रोज न चुकता भाजीच्या अंगाने भरवत राहिला. नवव्या दिवशी कोंडाबाईने मान वर केली, एक दाणा टिपला आणि म्हणाली, "अहो, ती पेज अळणी होती." तुराजी आनंदाने भर दुपारी आरवला. सगळं जंगल उठून बसलं आणि सशीणवहिनींच्या मुलांना त्या दिवशी दुसऱ्यांदा शाळेत जावं लागलं.

घोरपडसाहेबांनी राजाला अहवाल पाठवला, "मधल्या मार्गाने पेशंट बरी." राजा खूश झाला. जंगलातल्या यच्चयावत आजाऱ्यांना नळी मधोमधच घालावी, असा हुकूम निघाला. साहेबांना 'मध्य' असं कोरलेला शिक्का बक्षीस मिळाला. साहेब तो जिभेवर ओला करत आणि कागदावर मारत. जिभेवर, कागदावर, जिभेवर, कागदावर. असं करता करता एके दिवशी त्यांनी तो गिळला.

शिक्का यथाकाल बाहेर पडला, पण घसा पार सोलून निघाला. चार दिवस साहेबांना पाणीसुद्धा गिळवेना. मग त्यांच्या कचेरीतल्या दोन पाली नळी घेऊन आल्या.

"काळजी नको, साहेब," थोरली पाल म्हणाली. "हुकूम पाठ आहे. बरोबर मधोमध घालू. केसभरही इकडेतिकडे नाही."

साहेबांचे डोळे विस्फारले. आवाज फुटेना. त्यांनी जीभ बाहेर काढली, तर तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला वळलेली. पालींनी ओशाळून नजर दुसरीकडे वळवली.

"सगुणा... मावशींना..." साहेबांनी सगळा जीव एकवटला. "म्हणावं... ताट वाढा!"

मावशी आली. टॉवेल, पेज, नळी, दोरा, सगळं घेऊन आली. साहेबांना सरळ बसवून त्यांच्या समोर उभी राहिली.

"कोणत्या अंगाने वाढू, साहेब?"

"भाजीच्या."

"कोणाच्या भाजीच्या?"

"माझ्या!" साहेब कळवळून म्हणाले. "माझ्या, मावशी, माझ्या!"

तात्पर्य : मुलांनो, नेहमी मधला मार्ग धरावा. त्याच्याइतका सुरक्षित मार्ग नाही. फक्त घसा दुसऱ्याचा असावा.