आपाचा फोन

दिग्रसच्या आमच्या गल्लीत गाद्या भरणारे गफूरभाई फोन उचलत नाहीत. वाजला की नाव वाचतात, खूश होतात आणि फोन कापसाच्या ढिगात खुपसतात. एकदा एक गिऱ्हाईक दुकानासमोरच उभं राहून त्यांना फोन लावत होतं. गफूरभाईंनी आनंदानं हाक मारली, "या ना! तुमचाच फोन येऊन राह्यला!"

समोर आलेल्या माणसाला ते चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. फोन का नाही उचलला विचारलं, की मात्र एकच उत्तर, "नंतर करतो." ते नंतर कधी उगवत नाही.

माझी मुलगी म्हणाली, "बाबा, याला घोस्टिंग म्हणतात. शुद्ध उद्धटपणा." मलाही तसंच वाटायचं. एकदा चिडून म्हणालो, "पुसदहून आपा रोज फोन करते. सख्खी बहीण तुमची. काहून छळता तिले?"

"एक दिवस जिवावर आलं, भाऊ, नाही उचलला. दुसऱ्या दिवशी काय सांगू, काल काहून नाही उचलला? तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं सांगा लागते. आता तर वर्ष झालं."

मी त्यांना यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मन खचलंय, त्यात भीती बसलीय; फोन टाळला की घटकाभर सुटल्यासारखं वाटतं, म्हणून टाळणं वाढत जातं. परतताना एसटीत गफूरभाई म्हणाले, "माणूस चांगला हाय. पण महिन्यानं फोन करा म्हणते."

डॉक्टरही कापसात गेले.

मग आपानं मलाच फोन केला. "भाईसाब, घुटने की वजह से आया नहीं जाता. बस एक बार उसकी आवाज सुना दो." मी शब्द दिला.

दुपारी गेलो, तर दुकानात बोलणं चाललेलं. फोन समोर ठेवलेला, वाजत होता, आणि गफूरभाई त्याच्याकडे तोंड करून सांगत होते, "हां आपा, खाना खाया. तुम्हारा घुटना कैसा है? दवा लेती ना?" रिंग थांबली. "अच्छा, रखता हूँ," ते म्हणाले.

फोन पुन्हा वाजला. मला वाटलं, एवढंच तर अंतर उरलंय. पुढे होऊन मी हिरवं बटण दाबलं, स्पीकर लावला.

"गफूर? खाना खाया?"

गफूरभाईंनी मान हलवली.

"बोल ना रे, गफूर."

ते नुसती मान हलवत राहिले. शेवटी मीच म्हणालो, "'हाँ' बोल रहे हैं, आपा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन बंद आहे. मला अजूनही चहा पाजतात. मी दुपारी दुकानावरून जाताना पाय हळू टाकतो. आतून कुणाशी बोलल्याचा आवाज येत नाही.