सी तिहामींची ताठ मान

ईदच्या सकाळी सी तिहामींनी थोरल्या बहिणीच्या हाताचा मुका घेतला नाही. ताठ उभं राहून त्यांनी तो हात नुसता हलवला. मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात, बहिणीच्या घरच्या बैठकीत चहा ओतणारी बहिणीची सूनसुद्धा थबकली.

"मी काय कापडवाली आहे?" लल्ला घीता म्हणाल्या. वय ब्याऐंशी, आवाज तिशीतला. "सौदा ठरल्यासारखा हात हलवतोस तो?"

"मान जरा धरलीय, लल्ला."

निघताना बायकोनं, बतूलनं, खाली वाकून नवऱ्याच्या पायात चपला सरकवल्या, तेव्हा तर कहरच झाला. "बघा, बघा! पाशा झालाय माझा भाऊ!"

मान ठणठणीत होती. अडचण उजव्या डोळ्यात होती. साखरेच्या आजारानं डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आली होती, म्हणून चार दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी आत तांदळाच्या कणीहून बारीक औषधाची कांडी सोडली होती. "मोतीबिंदू काढताना तुमची आतली पिशवी फाटलीय," त्यांनी बजावलं होतं. "मान खाली घातलीत की कांडी बुबुळापाशी येऊन घासणार. नमाजसुद्धा खुर्चीवर." डाव्या डोळ्यानं तिहामींना फक्त उजेड कळायचा. म्हणजे जे काही होतं ते या एकाच डोळ्यावर.

"सांगून टाका ना लल्लाला," बतूल म्हणाली.

"वीस वर्षं सांगतोय की साखर बरी झाली, गोड सोडलंय. आता कुठल्या तोंडानं सांगू? त्यापेक्षा डोळा गेला तरी चालेल."

"चालेल कसा? एकच तर आहे!"

मग तिहामींनी रिवाजाप्रमाणे समेटासाठी निळ्या कागदात गुंडाळलेल्या साखरेच्या दोन ढेपा बहिणीकडे धाडल्या. भावाची साखर ठेवून घेतली तर राग गेला असं होतं, म्हणून लल्ला घीतांनी त्या परत केल्या, आणि आपण चिकट नाही हे दाखवायला वर दोन आपल्या घातल्या. तिहामींनी सहा पाठवल्या, आठ आल्या. आठवडाभरात साखरेच्या रोग्याच्या ओसरीत साखरेच्या बारा ढेपा ओळीनं उभ्या राहिल्या.

एवढी साखर एका घरात जमते ती सोयरीक ठरली तरच. तिहामींना मूलबाळ नव्हतं. मग गल्लीनं दुसरं काय समजायचं? शेजारीण बतूलच्या गळ्यात पडून रडून गेली. "धीर धर गं. सवत काय, कुणालाही येते."

संध्याकाळच्या आत बातमी लल्ला घीतांपर्यंत पोचली. काठी टेकत, धापा टाकत त्या स्वतः दारात हजर झाल्या.

"अडुसष्टाव्या वर्षी दुसरी बायको? म्हणून मान वर?"

"लल्ला, तुझ्या गळ्याची शपथ, नाही!" बिचारे तिहामी घाबरून हात धरायला वाकले. ओठ हाताला लागायच्या आत डोळ्यासमोर ती पांढरी कांडी घरंगळत आली आणि बहीण धूसर झाली.

लल्ला घीतांनी चष्मा सारखा केला. "अरे, तुझ्या डोळ्यात शेवई अडकलीय. थांब, काढते." त्यांनी ओढणीच्या टोकाला पीळ दिला.

"हात लावू नका!" बतूल किंचाळली. "ते औषध आहे!" आणि वीस वर्षांचं सगळं खोटं तिनं एका दमात ओकून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की उताणं झोपवा आणि तसंच घेऊन या. टॅक्सीच्या मागच्या सीटवर तिहामी बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून टपाकडे बघत गेले. वाटभर लल्ला घीता फक्त टॅक्सीवाल्यावर ओरडत होत्या, भावावर नाही, आणि तिहामींना डोळ्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटत होती.

दवाखान्यात बाहुली रुंद करणारे थेंब घालून त्यांना उताणं ठेवलं. दोन तासांनी डॉक्टरीणबाईंनी दिवा धरून पाहिलं. "गेली कांडी मागे. नशीब थोर. पण आता कुणासमोर वाकायचं नाही. राजासमोरसुद्धा."

त्या गेल्यावर लल्ला घीता म्हणाल्या, "खोटं का बोललास?"

"तू रागावली असतीस."

"असतेच. म्हणून आंधळा होणार होतास, गाढवा?" त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खाटेचा कठडा धरला आणि गुडघे कटकट वाजवत इतक्या खाली झुकल्या की त्यांचा हात तिहामींच्या ओठांना लागला. "घे. ईदचा राहिलाय."

तिहामींनी मुका घेतला. "लल्ला, तू वाकलीस?"

"गप्प बस," लल्ला घीता कुजबुजल्या. "कुणाला सांगितलंस तर तो डोळा मी फोडीन."