लुएलाचा ट्रे

"तुझा ट्रे रिकामा करून घरी आणला नाही, तर नावाचा ऑर्विल नाही मी!"

लुएलाचा जीव मात्र खालीवर होत होता. गेल्या वर्षी चर्चच्या अंगतपंगतीच्या जेवणात तिचा ओव्हनमध्ये भाजलेला किमा-बटाट्याचा हॉटडिश निम्मा परत आला होता. वर चर्चमधली मैत्रीण मॅव्हिस म्हणाली होती, "अगदी वेगळाच झालाय हं!" मिनेसोटात याहून मोठी शिवी नाही. यंदाही उरला, तर पुढच्या वर्षीपासून नुसते कागदी रुमाल न्यायचे, असं तिनं ठरवलं होतं. सांगताना डोळे भरून आले, म्हणून ऑर्विलनं विडा उचलला.

चर्चच्या तळघरात बघतो तर काय! टेबलावर दोन ट्रे, अगदी जुळे! वर तशाच खरपूस बटाट्याच्या गोळ्या. नावाच्या पट्ट्या ट्रेच्या बुडाला. उलटून बघावं तर किमा अंगावर. आणि लुएला आत कॉफी करण्यात गुंतलेली.

"हात्तिच्या! चाळीस वर्षं हिच्या हातचं खातोय, ओळखणार नाही?"

त्यानं दोन्हींतला एकेक घास घेतला. पहिला सुरेख! दुसऱ्यात मीठच मीठ, बटाटा मधे कच्चा. झालं, ओळख पटली!

मग गडी मांडी ठोकून बसला. चारदा वाढून घेतलं, पट्टा दोन भोकं सैल झाला.

"ऑर्विल, पुन्हा?" पाद्रीबाईंनी विचारलं.

"काय करणार, सोडवतच नाही!" पाण्याचा सहावा पेला रिचवत तो म्हणाला.

रीतीप्रमाणे शेवटचा तुकडा तेवढा ठेवला. तो कुणीच घेत नाही.

इतक्यात मॅव्हिस आली. तिनं तो तुकडा बशीत काढला, ट्रे उलटा केला आणि किंचाळली, "अगंबाई, माझा संपला! ऑर्विलभाऊजी, तुम्हीच ना? आता दर रविवारी तुमच्यासाठी वेगळा ट्रे!"

ऑर्विलनं पाण्याचा सातवा पेला भरला.

लुएला धावत बाहेर आली. तिच्या ट्रेतही एकच तुकडा उरलेला! सगळ्या गावानं चाटूनपुसून खाल्ला होता. ती आनंदानं रडायलाच लागली.

"अहो, तुम्ही एकट्यानं संपवलात?"

"मी? मी तर... मॅव्हिसचा संपवला. तुझा समजून!"

लुएलानं डोळे पुसले. "माझा समजून? कशावरून?"

"चव घेऊन बघितली ना!" ऑर्विल ऐटीत म्हणाला.

लुएलानं मॅव्हिसच्या बशीतला एक घास चाखला. घरी जाताना ती गाडीत मागच्या सीटवर बसली.